सिल्व्हर स्प्रिंगची सतरा माकडं

११ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन शहराला खेटून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंग या उपनगरात पोलिसांनी एका प्रयोगशाळेवर छापा घातला. जप्त झालेला मुद्देमाल होता सतरा जिवंत माकडं. प्राण्यांचे हाल केल्याच्या आरोपावरून एखाद्या संशोधन संस्थेत पोलीस शिरण्याची ही अमेरिकेतली पहिलीच वेळ. तक्रारदार विशीतला एक विद्यार्थी होता आणि आरोपी पन्नाशीला आलेला मानसशास्त्रज्ञ. पुढची दहा वर्षं ही माकडं कोणाच्या ताब्यात राहायची यावरून वकील भांडले, लोकप्रतिनिधींनी सरकारला पत्रं लिहिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. या सगळ्या ओढाताणीत, कोणत्याही अर्जात न मागितलेली एक गोष्ट मात्र घडत राहिली. पिंजऱ्यात बसून असलेल्या त्या माकडांच्या मेंदूंनी आपले नकाशे बदलले. पूर्ण वाढ झालेला मेंदू अनुभवाप्रमाणे किती बदलू शकतो, याचा त्या काळातला सर्वांत ठसठशीत पुरावा विज्ञानाला मिळाला तो खटला रेंगाळला म्हणून.

आरोपी मानसशास्त्रज्ञाचं नाव एडवर्ड टाउब. जन्म १९३१, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. त्यांना छळणारा प्रश्न त्यांच्याही जन्माआधीचा होता. १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन या दोघांनी माकडाच्या एका हाताकडून मज्जारज्जूकडे संवेदना वाहून नेणाऱ्या नसा कापून पाहिल्या होत्या. हात हलवण्याचा हुकूम नेणाऱ्या नसा त्यांनी तशाच ठेवल्या. म्हणजे हात बधिर झाला, पण तो हलवण्याची सोय शाबूत होती. तरीही माकडाने तो हात पुन्हा वापरला नाही. तो नुसता लोंबकळत राहिला. यावरून निष्कर्ष निघाला की संवेदनेशिवाय हालचाल नाही. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ मध्ये नोबेल मिळालं आणि हा निष्कर्ष जवळजवळ शास्त्रवचन झाला.

टाउब मज्जातंतूंचे डॉक्टर नव्हते. प्राणी काय करतो आणि त्या करण्याचं त्याला काय फळ मिळतं, या अंगाने विचार करणाऱ्या मानसशास्त्रात ते तयार झाले होते. त्यामुळे त्यांनी केलेली गोष्ट साधी होती. त्यांनी माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. खाणं समोर, चांगला हात झोळीत आणि दुसरा हात बधिर. माकडाने बधिर हात पुढे केला. पकड ओबडधोबड होती, नेम चुकत होता, पण हात वापरात आला. दोन्ही हातांच्या संवेदना कापल्या तर माकड दोन्ही हात वापरायला लागायचं, कारण दुसरा इलाजच नसायचा. मग एकाच हाताच्या नसा कापल्यावर तो हात निकामी का व्हावा?

टाउब यांचं उत्तर असं. शस्त्रक्रियेनंतर काही महिने मज्जारज्जू सुन्न असतो. त्या काळात माकड हात हलवायला जातं, हात हलत नाही, तोल जातो, घास पडतो. उरलेल्या तीन पायांवर त्याचं बरं चाललेलं असतं. दोन-चार महिन्यांनी मज्जारज्जू सावरतो, पण तोवर ‘या हाताचा काही उपयोग नाही’ हा धडा माकडाने पक्का गिरवलेला असतो. हात पुन्हा चालू शकतो हे त्याला कळायला हात चालवून पाहावा लागतो आणि नेमकं तेच ते करत नाही. टाउब याला ‘लर्न्ड नॉनयूज’ म्हणत. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माणसाचा हात जो कायमचा जातो, त्यातही काही वाटा इजेचा आणि काही या शिकलेल्या सवयीचा असेल का, असा त्यांचा पुढचा तर्क होता. खटल्याआधीच त्यांनी तो मांडला होता. सिल्व्हर स्प्रिंगच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर बिहेवियरल रिसर्च’ या संस्थेत सरकारी अनुदानावर चाललेलं काम याच वाटेवरचं होतं.

मे १९८१ मध्ये या संस्थेत अ‍ॅलेक्स पाचेको नावाचा तरुण बिनपगारी मदतनीस म्हणून रुजू झाला. तो जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत होता. टाउब यांना हे ठाऊक नव्हतं की आदल्या वर्षीच या मुलाने इंग्रिड न्यूकर्क यांच्यासोबत एक संघटना काढली आहे. न्यूकर्क यांचं लहानपण दिल्लीत गेलेलं, संघटनेचं नाव ‘पीपल फॉर द एथिकल ट्रीटमेंट ऑफ अ‍ॅनिमल्स’. आज ‘पेटा’ म्हणून जगभर माहीत असलेल्या या संस्थेत तेव्हा मूठभर माणसं होती. पाचेकोने सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांच्या यादीतून घराजवळची म्हणून ही निवडली होती.

प्रयोगशाळेतल्या माकडांचा प्रश्न आपल्याकडच्या वाचकालाही अगदी परका नव्हता. अमेरिकी प्रयोगशाळांना लागणारी ऱ्हीसस माकडं दीर्घकाळ प्रामुख्याने भारतातून जात असत. ती अण्वस्त्रांच्या किरणोत्साराच्या चाचण्यांत वापरली जातात हे उघड झाल्यावर मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ मध्ये ही निर्यात बंद केली होती. सिल्व्हर स्प्रिंगची माकडं मात्र बहुतेक आग्नेय आशियातली लांब शेपटीची होती. सोळा नर आणि सेरा नावाची एक ऱ्हीसस मादी.

पाचेकोने जे पाहिलं ते लिहून ठेवलं आणि टिपलंही. पिंजरे दीड-दीड फुटांचे, तळाला नुसती जाळी. खाण्यासाठी भांडं नाही, त्यामुळे टाकलेलं खाणं जाळीतून खाली घाणीत पडायचं आणि माकडं ते तिथूनच उचलून खायची. बधिर हाताच्या बोटांचे माकडांनी स्वतःच चावून लचके काढलेले होते. ज्या हातातून काहीच कळत नाही तो हात माकडाला स्वतःचा वाटत नाही. पिंजऱ्यात आलेली एखादी परकी वस्तू असावी तसं ते त्याला चावतं. कित्येकांच्या जखमांवर पट्टी नव्हती. टाउब सुट्टीवर असताना पाचेको रात्री तिथे जाऊ लागला. बाहेर गाडीत न्यूकर्क वॉकी-टॉकी घेऊन पहारा द्यायच्या. त्याने काही प्राणितज्ज्ञांनाही गुपचूप आत नेलं, परिस्थिती दाखवली आणि त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रं घेतली. ते सगळं घेऊन तो पोलिसांकडे गेला. मेरीलँडमध्ये प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा होता. तो प्रयोगशाळेला लावता येईल असं पोलिसांना वाटलं, आणि छापा पडला.

टाउब यांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण न्यायालयात ती शेवटपर्यंत लढवली गेली. त्यांचं म्हणणं होतं की आपण सुट्टीवर असताना सफाईचे लोक कामावर आलेच नाहीत, आणि काही फोटो पाचेकोने मुद्दाम जुळवून आणले. बधिर हातावर पट्टी बांधली तर माकड तीच ओरबाडतं आणि जखम चिघळते, म्हणून आपण पट्ट्या बांधत नव्हतो, असंही ते सांगत. पण ज्या फोटोत डोमिशियन नावाचं माकड हातपाय ताणून एका चौकटीला जखडलेलं दिसतं, तो फोटो वर्तमानपत्रांतून घराघरांत गेला. त्यापुढे पट्टीबद्दलचे बारकावे कोण ऐकणार होतं!

नोव्हेंबर १९८१ मध्ये पहिला निकाल लागला. बहुतेक आरोप टिकले नाहीत, पण सहा माकडांना पुरेसे वैद्यकीय उपचार दिले नाहीत यासाठी टाउब दोषी ठरले. प्राण्यांवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ अमेरिकेत अशा गुन्ह्यासाठी दोषी ठरला तो पहिल्यांदाच. अपिलात ज्यूरीपुढे पुन्हा खटला चालला आणि १९८२ मध्ये सहापैकी एकच आरोप शिल्लक राहिला. १९८३ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तोही रद्द केला. कारण असं की केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला राज्याचा हा कायदा लागूच होत नाही. माकडांचे हाल झाले की नाही, हा प्रश्न त्या निकालात सुटला नाही; कायद्याच्या कक्षेतून तो बाजूला सारला गेला. टाउब कागदावर निर्दोष ठरले, पण अनुदान गेलं होतं, प्रयोगशाळा गेली होती आणि नवी नोकरी मिळायला आणखी काही वर्षं जायची होती.

या प्रकरणाचा एक परिणाम मात्र कायमचा राहिला. डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेने प्राणिकल्याणाचा केंद्रीय कायदा दुरुस्त केला. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत देखरेख समिती असणं आणि माकडांसारख्या प्राण्यांच्या मानसिक स्वास्थ्याचीही काळजी घेणं त्यात बंधनकारक झालं.

माकडांचं काय? छाप्यानंतर ती आधी पेटाच्या एका कार्यकर्तीच्या घरी ठेवली गेली. न्यायालयाने ती प्रयोगशाळेला परत करायला सांगितली तेव्हा ती रातोरात गायब झाली. मुद्देमालच हजर नसेल तर खटला उभा राहणार नाही, हे वकिलांनी समजावल्यावर ती काही दिवसांनी तितक्याच गुपचूप परत आली. पुढे त्यांचा ताबा सरकारच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’कडे, म्हणजे एनआयएचकडे गेला. पेटाने मागणी केली की ही माकडं अभयारण्यात पाठवा, खर्च आम्ही करू. एनआयएचने नकार दिला. पेटा न्यायालयात गेली. १९८६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं की माकडं तुमच्या मालकीची नाहीत, त्यांच्या हालांमुळे तुमचं कायदेशीर नुकसान झालेलं नाही, म्हणून तुम्हाला दावा लावण्याचा अधिकारच नाही. त्याच वर्षी माकडं लुइझियाना राज्यातल्या, टुलेन विद्यापीठाच्या डेल्टा प्रायमेट केंद्रात हलवली गेली. नसा न कापलेल्या पाच माकडांना सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात जागा मिळाली. बाकीची तारखांवर तारखा पडत असताना पिंजऱ्यातच राहिली.

त्याच वर्षांत मेंदूशास्त्रात काय चाललं होतं, हे आता पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून दाखवणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर लिहिलं होतं की पूर्ण वाढ झालेल्या मेंदूतले मार्ग पक्के, ठरलेले असतात. तिथे मरण आहे, नव्याने उगवणं नाही. हे काहाल यांचं एकमेव मत नव्हतं, पण पुढच्या पिढ्यांनी तेवढंच उचललं. १९३० च्या दशकात माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेची तार हलकेच टेकवून विचारलं की कुठे काय जाणवतं. त्यातून स्पर्शाचा नकाशा तयार झाला. मेंदूच्या बाह्य थरावरच्या एका पट्टीवर सगळं शरीर क्रमाने मांडलेलं असतं. पाय एका टोकाला, मग धड, मग हात आणि बोटं. हाताला लागूनच चेहरा येतो. प्रत्यक्ष शरीरात हात आणि गाल यांच्यामध्ये खांदा आणि मान असते, पण मेंदूत ते सख्खे शेजारी. ही शेजारधर्माची बाब पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

सिल्व्हर स्प्रिंगवर छापा पडला त्याच्या पुढच्याच महिन्यात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांना नोबेल जाहीर झालं. मांजराच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतरच्या ठरावीक आठवड्यांत झाकून ठेवला तर मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसरा डोळा घेतो आणि तो पहिला डोळा नंतर उघडला तरी नीट पाहू शकत नाही, हे त्यांनी दाखवलं होतं. मोठ्या मांजराचा डोळा झाकला तर असं काही होत नाही. या कामातून बहुतेकांनी घेतलेला अर्थ असा की बालपणी मेंदू घडतो आणि पुढे तसाच राहतो.

याला छेद देणारे लोक थोडे होते. सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल मर्झेनिक आणि नॅशव्हिलचे जॉन कास यांनी पूर्ण वाढ झालेल्या घुबड-माकडांच्या हाताची एक नस कापली, नंतरच्या प्रयोगात एखादं बोट काढलं, आणि मेंदूतला स्पर्शाचा नकाशा पुन्हा पुन्हा मोजला. रिकाम्या झालेल्या बोटाच्या जागेत शेजारच्या बोटांचे संदेश पोहोचू लागले होते. १९८३-८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांनी विश्वास ठेवला नाही. ज्यांनी ठेवला त्यांनीही या बदलाला मर्यादा असल्याचं मानलं. हे अतिक्रमण एक-दोन मिलिमीटरपलीकडे जात नव्हतं. नसांची टोकं मुळातच तेवढी एकमेकांत मिसळलेली असतात. नवं काही उगवत नाही, आधीच असलेल्या पण दबलेल्या जोडण्या फक्त वर येतात, असं स्पष्टीकरण देता येत होतं. पडीक रानाच्या कडेचा बांध शेजाऱ्याने हातभर कोरावा, तेवढीच ही बाब समजली गेली.

हे प्रयोग शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उरकले जात. याहून जास्त काळ कोणी थांबणार नव्हतं. अनुदान दोन-चार वर्षांचं असतं, प्राणी पोसायला खर्च येतो, शोधनिबंध वेळेत लिहायचे असतात. हाताच्या सगळ्या नसा कापून दहा-बारा वर्षं माकड सांभाळायचं, असा प्रस्ताव कोणी मांडलाही नसता आणि मांडला असता तर मंजूर झाला नसता. पण डेल्टा केंद्रात नेमकी अशीच माकडं बसून होती. टाउब यांनी त्यांच्या नसा सत्तरीच्या दशकात कापल्या होत्या. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा अभ्यास संपून ती कधीच संपवली गेली असती. खटल्याने ती जगवली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माकडं म्हातारी होऊ लागली, आजारी पडू लागली. बिली नावाच्या माकडाची प्रकृती इतकी ढासळली की त्याला शांतपणे मरण द्यावं, असा सल्ला पशुवैद्यांनी दिला. तेव्हा एनआयएचच्या शास्त्रज्ञांनी प्रस्ताव ठेवला की माकडाला मारायचंच आहे, तर आधी पूर्ण भूल देऊन त्याच्या मेंदूतला हाताचा भाग तपासू द्या. शुद्धीवर न आणताच त्याला मरण येईल. पेटाने याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते हा मागच्या दाराने पुन्हा सुरू केलेला प्रयोगच होता. न्यायालयांतून स्थगिती आली, उठली, पुन्हा मागितली गेली. जानेवारी १९९० मध्ये बिलीवर तपासणी झाली. त्यानंतर आणखी तीन माकडांवर झाली.

भूल दिलेल्या बिलीच्या मेंदूत हाताच्या पट्टीवर केसासारखी बारीक तार उतरवली गेली. या पेशींना हाताकडून एकही संदेश येऊन बारा वर्षं झाली होती. हाताला स्पर्श केला, काही नाही. ते अपेक्षितच होतं. मग चेहऱ्याला, हनुवटीला आणि खालच्या जबड्याला हलकेच स्पर्श केला. हाताच्या पेशी जोरात पेटल्या. तार पुढे सरकवत जावी तसं तेच. बोटांची जागा, तळव्याची जागा, दंडाची जागा, सगळीकडे चेहराच बोलत होता. मोजमाप निघालं दहा ते चौदा मिलिमीटर. बांध कोरण्याची गोष्ट संपली होती. शेजाऱ्याने सगळं रान ताब्यात घेऊन त्यात पीक काढलं होतं.

२८ जून १९९१ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात हा निबंध आला. पहिलं नाव टिम पॉन्स यांचं. सहलेखकांत कास होते, एनआयएचमधले मॉर्टिमर मिश्किन होते, अविभाजित हिंदुस्थानातल्या पंजाबात जन्मलेले मेंदूशल्यविशारद अयूब ओमाया होते, आणि एडवर्ड टाउबही होते. त्याच्या महिनाभरच आधी, २० मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटाच्या बाजूने एकमताने एक निकाल दिला होता. माकडांचा खटला राज्याच्या न्यायालयातच चालला पाहिजे, एनआयएचने तो केंद्रीय न्यायालयात ओढणं चूक होतं, असा तो निकाल. पण एप्रिलमध्येच आणखी दोन माकडांना मरण दिलं गेलं होतं. तंत्राचा मुद्दा पेटाने जिंकला तेव्हा ज्यांच्यासाठी दावा होता त्यांतली बरीचशी उरलीच नव्हती.

हा निबंध सॅन दिएगोमध्ये एका माणसाने वाचला आणि त्याला एक सोपा प्रश्न पडला. तामिळनाडूत जन्मलेले, मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले विलायनूर रामचंद्रन तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. माकडाला विचारता येत नाही, पण माणसाला येतं. बिलीच्या गालाला हात लावल्यावर त्याला गाल जाणवत होता की हात? कोपराच्या वर डावा हात गमावलेला सतरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. अपघाताला जेमतेम महिना झाला होता. रामचंद्रन यांनी त्याचे डोळे बांधले आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने चेहऱ्याला जागोजागी स्पर्श केला. गालावर काडी टेकली, मुलगा म्हणाला, गालाला लागतंय आणि नसलेल्या अंगठ्यालाही. वरच्या ओठाला टेकली तर तर्जनी, खालच्या जबड्याला टेकली तर करंगळी. बिलीच्या मेंदूत तारेने दाखवलेली गोष्ट इथे शब्दांत आली. साधनं काय लागली, तर एक काडी आणि एक रुमाल. १९९२ मध्ये हेही ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

आता इथे थांबलं तर मेंदूच्या अफाट लवचिकतेची सुरस कथा होते, आणि ती तशीच सांगितली जाते. पण सिल्व्हर स्प्रिंगच्या माकडांकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली म्हणजे टाउब यांचे उपचार. १९८६ मध्ये त्यांना अलाबामा विद्यापीठात जागा मिळाली आणि जुना तर्क त्यांनी माणसांवर आजमावला. अर्धांगवायूनंतर ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे अशा रुग्णांच्या चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा. जागेपणीचा बहुतेक वेळ तो काढायचा नाही. दोन आठवडे, रोज सहा तास, लुळ्या हाताकडून काम करून घ्यायचं. पेला उचलणं, डाव सरकवणं, बटण लावणं, जमलं की थोडं अवघड. १९९३ मध्ये मोजक्या रुग्णांवरचे निष्कर्ष आले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सात केंद्रांवर, २२२ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या रुग्णांमध्ये मोजावाल्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. त्याआधी जर्मनीतल्या तपासणीत दिसलं होतं की या सरावानंतर मेंदूतला त्या हाताला चालवणारा भाग रुंदावतो. आपल्याकडे घरात कोणाला लकव्याचा झटका आला की मुलगी, सून, बायको मायेपोटी घास भरवतात, सदऱ्याची बटणं लावून देतात, ‘राहू द्या, मी करते’ म्हणतात. आपल्या मायेत लर्न्ड नॉनयूजची तयारी दडलेली असते, हे टाउब यांच्या माकडांनी दाखवलं. पण ते दाखवलं साठ-सत्तरीच्या दशकांतल्या झोळी बांधलेल्या माकडांनी. बिलीच्या मृत्यूची या उपचारांना गरज पडली नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे तो बदललेला नकाशा. त्याचा बिलीला काय फायदा झाला? काहीच नाही. त्याचा हात परत आला नाही. १९९५ मध्ये जर्मनीच्या हेर्टा फ्लोर यांनी, टाउब यांच्याच सहकार्याने, हात गमावलेल्या माणसांच्या मेंदूचं मोजमाप केलं. चेहऱ्याचं हाताच्या जागेवर जितकं जास्त अतिक्रमण, तितकी नसलेल्या हातातली वेदना जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणजे मेंदूचं बदलणं काहींच्या वाट्याला ठणका बनून आलं होतं.

हा बदल नेमका कुठे होतो, यावरही वाद सुरू झाला आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. नीरज जैन कास यांच्याकडे काम करत असताना, २००० मध्ये, त्यांनी दाखवलं की अशा माकडांत मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, चेहऱ्याकडून येणाऱ्या तंतूंना नवे फुटवे फुटून ते हाताच्या केंद्रात शिरतात. पुढे हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात त्यांच्या गटाने आणखी तपास केला आणि २०१४ मध्ये सांगितलं की बाह्य थरावर दिसणारा मोठा बदल मुळात खाली देठात झालेला असतो. वरचा थर खालून जे येतं ते दाखवतो. त्यानंतर काही संशोधकांनी तर माणसांत हात गेल्यावरही मेंदूतला हाताचा नकाशा बराचसा जागच्या जागीच राहतो, असे पुरावे पुढे आणले आहेत. बिलीच्या मेंदूत पाहिलेलं खोटं ठरलेलं नाही. पण त्याचा अर्थ १९९१ मध्ये वाटला तितका सरळ राहिलेला नाही.

मग या प्रकरणाचा हिशोब कसा मांडायचा? माकडांचे हाल झाले म्हणून नवं ज्ञान मिळालं, हे म्हणणं सोयीचं आहे पण खरं नाही. बारा वर्षं थांबण्याची कल्पना टाउब यांची नव्हती आणि माकडं जगवणाऱ्या पेटाला तो शोध नको होता. पुरावा तयार झाला तो दोघांच्या भांडणात गेलेल्या वेळातून. त्यामुळे तो शोध दाखवून कोणालाही त्या पिंजऱ्यांचं समर्थन करता येत नाही, आणि त्या पिंजऱ्यांमुळे शोध खोटाही ठरत नाही. प्रौढ मेंदू बदलतो, हे आता कोणी नाकारत नाही. पण काहीच न मिळणारा मेंदूही बदलतो आणि रोज सहा तास राबवलेलाही बदलतो. बिलीच्या मेंदूतला बदल कोणी घडवला नव्हता, म्हणून तो कोणाच्या कामाला आला नाही. लकव्याच्या रुग्णाचा हात परत येतो तो मोजा घालून, कंटाळा येईपर्यंत पेला उचलून. मेंदू बदलेल का, हा प्रश्न आता जुना झाला. त्याला रोज काय करायला देतो, एवढंच आपल्या हातात आहे.